पाच तारे कसले देताय, बाबा?

आज सकाळी बाबांच्या फोनवर पाटी उगवली. ‘आमचं ॲप कसं वाटलं? तारे द्या.’ बाबांनी चष्मा लावला, पाचव्या ताऱ्यावर बोट टेकवलं आणि मोकळे झाले. मी किंचाळलेच. सहा महिने याच ॲपच्या नावाने खडे फोडताय ना? तर म्हणे, ‘असू दे गं. तिथल्या पोरांच्या पगाराचा प्रश्न असतो.’

झालं. कंपनीकडे आणखी एक खूश ग्राहक जमा.

ॲप त्यांच्या कानाच्या मशीनचं आहे. आधी आवाज कमी-जास्त करायला दोन ठसठशीत बटणं होती, अधिक आणि उणे. कुणा शहाण्याला ती जुनाट वाटली असावीत. अपडेट आलं, बटणं गेली, त्यांच्या जागी एक बारीक रेघ आणि तिच्यावर सरकवायची टिकली. बाबांचा हात थरथरतो. टिकली एक तर या टोकाला, नाहीतर त्या टोकाला. म्हणजे एक तर ठार शांतता, नाहीतर वाटी पडल्याचा आवाज थेट डोक्यात. तेव्हा त्यांनी एका बोटाने टाइप करत अख्खी तक्रार लिहिली होती. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ दोन मिनिटांत! वाचलं कोणी, पंख्याने?

या लोकांना आकडे हवेत, आपलं म्हणणं नको. ‘मित्राला सुचवाल का, 0 ते 10 मध्ये सांगा’ हा प्रश्न फ्रेड राइकहेल्ड या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी 2003 मध्ये मांडला आणि तेव्हापासून तो आपल्या मानगुटीवर बसलाय. 9-10 दिले की तुम्ही त्यांचे, 6 किंवा खाली दिले की नाराज, 7-8 वाले ना घरचे ना घाटचे. बाबांनी 2 दिले असते तरी त्यातून ती टिकली कोणाला दिसणार होती?

आणि लिहून ठेवलेलं न वाचल्याने काय होतं ते मायक्रोसॉफ्टला विचारा. 2018 च्या ऑक्टोबरात विंडोज 10 चं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फायलीच उडाल्या. चार दिवसांत अपडेट थांबवावं लागलं. मग कळलं की आधीपासून चाचणीला वापरणाऱ्या काही जणांनी फीडबॅक हबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच तक्रार-पेटीत, नेमकं हेच कळवलं होतं. पण त्या तक्रारीला इतर वापरणाऱ्यांची पुरेशी मतं पडली नव्हती, म्हणून ती तळाला! फायली उडाल्याची तक्रार आणि मतं मोजतायत! नंतर तिथे ‘तक्रार किती गंभीर’ हे सांगायची सोय केली म्हणे. उशिरा का होईना, केली. सुधारणा होते ती अशी, कुणीतरी काय बिघडलं ते नीट सांगितल्यावर. हॅशटॅगसुद्धा कंपनीच्या डोक्यातून निघालेला नाही, 2007 मध्ये ख्रिस मेसिना नावाच्या वापरणाऱ्यानेच तो ट्विटरवर सुचवला.

हो, मान्य आहे, लाखो लोक लिहितात आणि त्यातले कितीतरी नुसतं ‘बकवास ॲप’ लिहून पळतात. त्यावरून दुरुस्त काय करणार, कपाळ?

आणि मी तरी काय दिवे लावले? अशी चौकट आली की ‘नंतर’ दाबते, बघतही नाही. बाबा पहिल्यांदा कुरकुरले तेव्हा मीच म्हणाले होते, ‘सवय होईल हो.’ म्हणजे कंपनीच्याही वरताण. त्यानंतर ते माझ्याकडे काही बोलले नाहीत. मशीन काढून खिशात ठेवायला लागले, एवढंच. मला वाटायचं, पेपरात रमलेत.

तर आज संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. फोनचं मॉडेल, ॲप कुठल्या आवृत्तीचं, कुठल्या अपडेटनंतर बटणं गेली, हात थरथरतो तेव्हा नेमकं काय होतं, सगळं बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. टिकली एका टोकाला जाऊन बसते त्याचा व्हिडिओ काढला. बाबांनी सुरुवात ‘महोदय’ने करायला लावली. पाचशे अक्षरांची मर्यादा निघाली. ‘कळावे, आपला विश्वासू’ काही केल्या बसेना. ते काढू म्हटलं तर बाबा ऐकेनात. मधलं काय कापता येईल ते बघतोय.