लोकप्रियता ही राष्ट्राध्यक्षपदाची पात्रता नव्हे

7 जानेवारी 2018 रोजी गोल्डन ग्लोब पुरस्कार सोहळ्यात टीव्हीवरील प्रसिद्ध मुलाखतकार ऑप्रा विन्फ्री यांचे भाषण झाले आणि लगेच अमेरिकेत त्यांच्या 2020 च्या उमेदवारीची मागणी सुरू झाली. विन्फ्री यांनी स्वतः नकार दिला. पण तेव्हाचा युक्तिवाद नावे बदलून आजही फिरतो आहे: ‘अनुभवी राजकारण्यांनी देशाचे काय भले केले? रीगन नट होते, युक्रेनचे झेलेन्स्की विनोदी कलाकार होते. लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे तो निवडा, कारभार सांभाळायला सल्लागार आहेतच.’ विन्फ्री यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही हा युक्तिवाद मला घातक वाटतो.

रीगन यांचा दाखला तर मुळातच चुकीचा आहे. 1981 मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये गेले ते चित्रपटाच्या सेटवरून नव्हे. त्याआधी त्यांनी नटांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले होते, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरपद सलग आठ वर्षे सांभाळले होते, आणि 1976 मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत पराभवही पचवला होता.

सल्लागारांचा मुद्दा मात्र अनेकांना पटतो, आणि तोच सर्वांत पोकळ आहे. आपल्याकडील राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणून आपली इथे गल्लत होते. अमेरिकेत मंत्री सल्ला देतात आणि निर्णय एकटा राष्ट्राध्यक्ष घेतो. ज्या प्रश्नावर सगळ्यांचे एकमत आहे तो खालच्या पातळीवरच निकालात निघतो. राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत पोहोचतो तो वाद, आणि त्यात कोणाचे ऐकायचे हे सांगणारा आणखी कोणी सल्लागार नसतो.

27 जानेवारी 2017 ची संध्याकाळ आठवा. त्यापूर्वी कोणतेही सरकारी वा लष्करी पद न भूषवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणाऱ्या आदेशावर सही केली, तेव्हा कित्येक प्रवासी विमानात होते. विमानतळावरील अधिकाऱ्यांना आगाऊ सूचना जवळजवळ नव्हती. अमेरिकी सैन्यासाठी दुभाष्याचे काम केलेल्या एका इराकी माणसाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर रात्रभर अडकवून ठेवले गेले. ग्रीन कार्डधारकांना हा आदेश लागू आहे की नाही, याचे उत्तर दोन दिवस बदलत राहिले. यादीत भारत नसला, तरी ग्रीन कार्डावर तिथे राहणाऱ्या मराठी माणसालाही हा प्रश्न परका नव्हता. आठवड्याभरात न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. तो आदेश योग्य की अयोग्य हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो अमलात कसा आणायचा याचा विचार सहीपूर्वी झालेला नव्हता, हे उघड आहे. महिन्याभराने आरोग्यसेवा इतकी गुंतागुंतीची असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे ट्रम्प स्वतः म्हणाले. दोन्ही सभागृहांत बहुमत असूनही जुलैमध्ये त्यांच्या पक्षाचे आरोग्य विधेयक सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी पडले.

अनुभवी माणसे चुकतात, हे मान्यच करायला हवे. 2003 चे इराक युद्ध लादणाऱ्यांत दशकानुदशके सरकारात मुरलेली माणसे होती. पण त्यावरून अनुभव हा पुरेसा नाही एवढेच सिद्ध होते. तो अनावश्यक आहे असे नाही.

झेलेन्स्की यांचे धैर्य वादातीत आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला तेव्हा ते राजधानी कीव्ह सोडून गेले नाहीत. परंतु 2019 मध्ये सुमारे 73 टक्के मते देणाऱ्यांना हे आधी कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. ग्वाटेमालाच्या मतदारांनी 2015 मध्ये राजकारण्यांवरील तशाच संतापातून, ‘भ्रष्टही नाही, चोरही नाही’ असे म्हणणाऱ्या जिमी मोरालेस या विनोदी नटाला निवडले. प्रचारनिधीची चौकशी अंगाशी येताच, 2017 मध्ये, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या प्रमुखालाच देशाबाहेर काढण्याचा आदेश दिला.

लोकप्रिय माणसाने राजकारणात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. चित्रपट अभिनेते अरनॉल्ड श्वार्झनेगर 2003 मध्ये थेट कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. 2005 मध्ये त्यांनी विधिमंडळाला वळसा घालून चार प्रस्ताव जनमताला टाकले आणि चारही पडले. त्यानंतर ते विरोधी पक्षाशी बोलू लागले, आणि 2006 मध्ये त्याच विधिमंडळाने हरितगृह वायूंवर मर्यादा घालणारा कायदा मंजूर केला. हे शिक्षण त्यांना एका राज्यात मिळाले, जिथे चुकीची किंमत चार फसलेल्या प्रस्तावांवर भागली.