“आमच्या आडनावाचं काही मिळेल का?”

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हणून हा प्रश्न घेऊन ग्रंथालयाच्या काउंटरवर उभं राहू नका. कर्मचारी फार तर कुलवृत्तांतांच्या, म्हणजे एकेका घराण्याच्या छापील वंशग्रंथांच्या, कपाटाकडे बोट दाखवतील, आणि तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेलाच नसेल तर फेरी फुकट. असे ग्रंथ चित्पावनांसारख्या काही समाजांनी भरपूर काढले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी, कोळी, कुणबी घरांना तो आधार क्वचितच मिळतो.

माझं मत स्पष्ट आहे: आडनाव सोडा, गाव धरा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावदप्तरात कित्येकांना आडनावच नसतं. ‘रामा बिन गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, बस्स. बाईची नोंद ‘गंगा कोम रामा’, म्हणजे रामाची बायको. आडनाव शोधत पानं उलटणाऱ्याच्या नजरेतून खुद्द पणजोबाच निसटतात.

म्हणून निघण्याआधी प्रश्न लहान करा. एक माणूस, एक गाव, साधारण वीस वर्षांचा काळ. हे ठरवायला लागणारी सामग्री घरातच असते: जुना सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, जुनी घरपट्टी. सातबाऱ्यावर नावांजवळ जे आकडे दिसतात ते फेरफाराचे क्रमांक. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, तलाठी किंवा तहसील कार्यालयातून काढा. वारसाचा फेरफार असेल तर मयताचं नाव आणि वारसांची यादी एकाच जागी मिळते. कधी कधी लग्न होऊन गेलेल्या मुलीही त्यात असतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तेव्हा एकच नाव दिसलं म्हणून तो एकुलता होता असं धरू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे त्या वेळी वारस अल्पवयीन होता. एवढ्यावरून त्याच्या जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख धरली जाते. वारसनोंद लावायला लोक वर्षानुवर्षं घेत, त्यामुळे मृत्यू बराच आधीचा असू शकतो. आणि शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख बहुधा गुरुजींनी दिलेली असते. जन्म-मृत्यूसाठी त्यापेक्षा गाव नमुना १४ बरा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. तो ग्रंथालयात नसतो, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो. जुनी पानं मोडीत असतात. अंदाजाने वाचू नका, सरळ उजेडात फोटो घेऊन मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

शकाचं गणितही घरीच करून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे शके १८१० मधली माघातली घटना १८८८ ची नाही, १८८९ ची. या एका वर्षाच्या फरकाने लोक वर्तमानपत्राची भलतीच फाईल मागवतात.

आता गावाचं. गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं हे ठाऊक नसेल तर गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचा, चुकीचा खंड हातात येतो. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, नंतर कुलाब्यात गेलं. कर्जत १८९१ मध्ये गेलं. कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. म्हणून पनवेलकडच्या घरांनी कुलाब्याचं जुनं गॅझेटियर मागवून निराश होऊ नये. त्यांचा मजकूर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. ते मुंबई इलाख्याच्या मालिकेतले १३ आणि १४ हे खंड. तेराव्याचे दोन भाग, चौदाव्यात गावांची माहिती इंग्रजी अकारविल्हे. ठाणे शहर त्या काळी साष्टी तालुक्यात, आणि साष्टी तिथे ‘साल्सेट’, वसई ‘बॅसीन’. उलट पालघर, डहाणू, जव्हारची मंडळी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणेकरच होती.

मात्र गॅझेटियरमध्ये आजोबा सापडणार नाहीत. तिथे मिळतं ते मिठागर, बंदर, तळं, शेतसारा, कोणत्या जातीची वस्ती कुठे आणि ती काय करून पोट भरी. ‘आपले लोक गाव सोडून ठाण्याला का आले’ याचं उत्तर कधी कधी एवढ्यात मिळून जातं.

माणसांची नावं हवी असतील तर स्मरणिका मागा. शाळांच्या शताब्दी स्मरणिका, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या, पतपेढ्यांच्या, ज्ञातिसंस्थांच्या. देणगीदारांची यादी म्हणजे एका पिढीची हजेरीच. ज्ञातिमासिकांतले लग्नाचे आणि निधनाचे रकाने तर सोनं. या गोष्टी ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) धड नोंदलेल्या नसतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांना तोंडी विचारावं लागतं, आणि विचारताना शाळेचं नाव व साल सांगावं लागतं. ‘जुन्या स्मरणिका आहेत का’ म्हटलं की नाहीच म्हणतील.

आदल्या दिवशी फोन करा. साप्ताहिक सुट्टी, संदर्भ विभागाची वेळ, सभासद नसलेल्याला बसू देतात का, ओळखपत्र लागतं का, फोटो काढू देतात का, एवढं विचारा. जमलं तर हवे ते खंड आधीच सांगून ठेवा. संदर्भाची पुस्तकं घरी मिळत नाहीत, आणि ठिसूळ पानांची झेरॉक्स मागणं बरोबरही नाही. मशीनवर दाबलं की कणा फाटतो. शिसपेन्सिल न्या, पेन नको. फोटो परवानगीने, फ्लॅश बंद ठेवून. पहिला फोटो नेहमी मुखपृष्ठाचा, दुसरा प्रकाशन-सालाच्या पानाचा, मगच मजकूर. नाहीतर महिनाभराने फोनमध्ये चाळीस पिवळी पानं असतात आणि ती कुठल्या पुस्तकातली, हे देवालाच ठाऊक.

ज्या खंडात काही सापडलं नाही तोही वहीत लिहा, पाहिलेली पानं आणि तारखेसकट. सहा महिन्यांनी तोच खंड पुन्हा मागवाल तेव्हा ही ओळ कामी येईल.