फवारा मारला म्हणजे सर्व्हिसिंग झालं काय रे?

डोकं लई तापलंय म्हणून लिहितोय, ज्याला लागायचं त्याला लागू दे. सकाळी साडेनऊला बसलोय, आता अडीच वाजले, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि पुढ्यात इडलीपात्राची दोन ताटं, त्यातल्या सात खळग्यांत मासेमारीच्या रॉडच्या सात रोलरचे सुटे तुकडे. सात नाही, सहा. सातवा निघंना झालाय, त्याच्याकडं नंतर येतो.

तर माझ्याकडं दर्यात मोठ्या माशामागं जायचा एक जाडजूड रॉड आहे, ८० पौंडी, म्हणजे ३७ किलोच्या तंगुसाच्या (गळाच्या नायलॉन दोरीच्या) वर्गातला. साध्या रॉडला तंगूस ओवायला कड्या असतात, याला कड्यांच्या जागी कप्प्या आहेत, विहिरीवर असते ना तसलीच कप्पी पण नखाएवढी. रोलर गाईड म्हणतात. मासा सुसाट पळाला की तंगूस कडीवर घासून तापतो, रोलर असला की तो तंगुसाबरोबर फिरतो आणि घासणं वाचतं. फिरला तर! सगळं घोडं तिथंच तर अडतंय. न फिरणारा रोलर साध्या कडीपेक्षा वाईट, कारण कडीत निदान गुळगुळीत सिरॅमिक असतं, इथं तंगूस त्याच एका जागी करवतीसारखा घासत बसतो, धातूला चर पडतो, आणि मग तो चरच तंगूस खातो. दोन वर्षांमागं एक सुरमई माझी अशीच गेली, बोटीपासून दोन वाव राहिली होती, पाण्यात चमकताना दिसत होती. परत आल्यावर बघतो तर तिसरा रोलर जाम. तवापासून प्रत्येक ट्रिपनंतर सगळं खोलून साफ करतो, कंटाळा आला तरी.

आणि मग मे महिन्यात अनगोळचा मावसभाऊ आला. "दादा, बंदी लागायच्या आधी एकदा जाऊन येतो की, तुझा रॉड दे." १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते, त्याच्या आधी सगळ्यांनाच घाई. मी पण बावळट, दिला. आठ दिवसांनी आणून दिला, रॉड कसा चकाचक, शोरूममधनं काढल्यासारखा. मी म्हटलं पाण्यानं धुतलास काय रे, तर छाती फुगवून म्हणतोय, "धुऊन आणलोय की दादा, वॉशिंग सेंटरला थांबून गाडीबरोबर रॉडवर पण गन मारून घेतलो, वर आणि स्प्रे मारलोय फुल्ल."

गन! अरे ती चिखलानं भरलेला ट्रॅक्टर धुवायची गन! ती नखाएवढ्या रोलरवर मारल्यावर बाहेरचं मीठ कुठं जातंय? सरळ आत, बुशपर्यंत, म्हणजे रोलर ज्याच्यावर फिरतो त्या बारक्या नळीपर्यंत. आणि मी घातलेलं ग्रीस तेवढं बाहेर. हळू सोडलेला नळ, जमलं तर कोमट पाणी, रोलर बोटानं फिरवत फिरवत दहा मिनिटं, एवढंच करायचं असतंय. पण नाही, साहेबांना प्रेशर पाहिजे.

आता त्या स्प्रेचं. आमच्याकडं कशालाही काही झालं की डब्ल्यूडी-४० चा तो निळा-पिवळा डबा काढायचा आणि फुस्स करायचं. दाराची कडी करकरली, फुस्स. सायकलची चेन, फुस्स. अरे त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून, १९५३ ची गोष्ट. त्या कामाला भारीच आहे, माझं डब्याशी भांडण नाही. पण मीठ तेलात विरघळतं काय? फोडणीच्या तेलात चिमूटभर मीठ टाकून बघा, तळाला जाऊन बसतंय. मीठ काढायला पाणीच पाहिजे. आधी पाणी, मग पूर्ण वाळवण, आणि मग ग्रीस, तेही टूथपिकच्या टोकावर येईल एवढंच. मिठावरनंच तेल मारलं की आत लॅपिंग पेस्ट तयार होते, आमच्या वर्कशॉपात जॉब घासायला वापरतात तसली. ही मात्र फुकटात.

चूक माझी पण आहे. मी विश्वासानं रॉड माळ्यावर ठेवला. जून आणि जुलै. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही, भिंतीला बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी सुटतंय. बरणीत जे होतंय तेच बुशात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपलं आपण पाघळतं. म्हणजे गोव्याकडनं चोर्ला घाट चढून वर आलो, समुद्र मागं राहिला, असं वाटतंय, पण तो थेंबभर समुद्र रोलरच्या आत बसून दोन महिने आरामात धातू खाऊलालाय. त्यात रोलर अॅल्युमिनियमचा, पिन स्टीलची, मधे खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मीठपाणी म्हटल्यावर बॅटरीच झाली की ती, आणि बॅटरीत झिजतं कोण, तर बिचारं अॅल्युमिनियम.

आज पहिला रोलर उघडला. आतनं पांढरी पूड, ओल्या चुन्यासारखी, आणि ब्राँझच्या बुशावर हिरवा थर. बोटानं रोलर फिरवला तर फिरतोय बरं का! म्हणून तर लोक फसतात. बोटानं रिकामा फिरतो, वजन आलं की अडकतो. रोलरवर मार्करनं ठिपका करायचा, तंगूस ओवून रॉड वाकेपर्यंत कुणाला तरी ओढायला लावायचं आणि ठिपका फिरतोय का ते बघायचं. पोराला ओढायला लावलं, सातातले चार ठिपके जागच्या जागी. चार!

मग खोलायला बसलो. एका रोलरला काय काय असतंय, तर रोलर, आत बुश, बुशात पिन, आणि पिनेला एक स्क्रू, स्क्रू केवढा, तर मोहरीपेक्षा थोडा मोठा. असे सात. एकाचा बुश दुसऱ्यात घालायचा नाही, ज्याची झीज त्याच्याबरोबर, म्हणून इडलीपात्र घेतलं, एका खळग्यात एकाचे तुकडे. बायको दारात उभी राहून बघितली आणि म्हणाली, "अहो, उद्यापासून इडल्या तुमच्या त्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपातच करा." मी काय बोलणार, तिचं बरोबरच आहे.

चौथ्याचा स्क्रू सुटला तो टिंग करून उडाला आणि गेला मोरीत. जाळी काढली, हात घातला, काय काय निघालं ते इथं लिहीत नाही, स्क्रू सोडून सगळं निघालं. तो इंची आट्याचा, आमच्या वर्कशॉपात सगळा मेट्रिक माल. बुशाचं टेन्शन नाही, लेथवर फॉस्फर ब्राँझचा बुश मी चहा थंड व्हायच्या आत काढतो. मागं एकदा काढला पण होता, तर शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "साकु बिडो अण्णा (पुरे, सोड रे अण्णा), बाजारातनं मासा आण की." त्याला काय सांगायचं.

हे सगळं चालू असताना फोन कुणाचा? त्याचाच! "दादा, ३१ ला बंदी उठतीय, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच रविवारी जाऊलालोय, रॉड तयार आहे न्हवं?" मी म्हटलं आहे, येऊन घेऊन जा, येताना चार तास आणि एक बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये. तर म्हणतोय, "एवढं काय त्यात, स्प्रे मारलोय की मी."

फोन कट केलो.

आता सातवा, टोकाचा. त्याचा स्क्रू ज्यानं कुणी बसवलाय त्यानं आट्यांवर लॉकिंगचं औषध ओतलंय. निळं असतं ते सुटतं, एक थेंब पुरतो, आणि तेवढा पाहिजेच, नाहीतर बोटीच्या हादऱ्यानं स्क्रू आपोआप दर्यात. हे लाल दिसतंय. सोल्डरिंग गननं तापवून बघितलं, हललं नाही, आणि दुसऱ्या झटक्याला स्क्रूची खाचच गुळगुळीत झाली. उद्या पहिल्या शिफ्टला डोक्यावर ड्रिल मारूनच काढणार. इडलीपात्र रात्रीपर्यंत रिकामं पाहिजे असं आतनं तिसऱ्यांदा सांगून झालंय, आणि सहा खळगे अजून भरलेले आहेत.