नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका

इंजिनाचं तेल गाळणारा एक ऑइल फिल्टर '99 टक्के कार्यक्षम' असल्याचं एका लेखात म्हटलंय, पण किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी? 40 मायक्रॉनला 99 टक्के अन् 20 ला 99 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयएसओ 4548-12 या ऑइल फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेलात ठरावीक धूळ सोडत राहतात आणि फिल्टरच्या आधी-नंतर कण मोजतात. फिल्टरच्या पोटात किती धूळ मावली तेही त्यातच कळतं. बायपास व्हॉल्व्हचं, म्हणजे फिल्टर तुंबला की तेलाला आडवाट देणाऱ्या झडपेचं, मात्र कुणी विचारत नाही! तो लवकर उघडला की तेल न गाळताच इंजिनात. आमच्या जालन्याकडं उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टरमागं नुसता फुफाटा, म्हणून फिल्टर नीट बघूनच घ्यावा लागतो. गॅरेजवाल्यानं एक स्वस्तातला फिल्टर कापून दाखवला, तर कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या, टोकाचा डिंक सुटलेला. डबा वरून चकाचक.