पोटातलं सेरोटोनिन डोक्यात जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: ‘शरीरातलं ९५ टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन. म्हणजे नैराश्य हा डोक्याचा नाही, पोटाचा आजार. रोज दोन केळी आणि वाटीभर दही खा, पोट साफ ठेवा, डोक्याच्या गोळ्या बंद करा.’ खाली जोडलेले हात.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीची त्याच्याच जिवावर खपतात. आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी हे सेरोटोनिन बनवतात, थोडंसं आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशीही बनवतात. यात नवं काहीच नाही. इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना हा पदार्थ १९३० च्या दशकात पचनमार्गातच सापडला होता. तो मेंदूतही असतो हे कळायला १९५३ उजाडलं.

‘आनंदाचं रसायन’ इथून मात्र गाडी रुळावरून घसरते. सेरोटोनिन काय करणार, हे ते कुठल्या पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं त्यावर ठरतं. या रिसेप्टरांची सात कुटुंबं आहेत. जेवण पुढे सरकताना आतड्याची भिंत ताणली जाते, अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, शेजारच्या चेतातंतूंना ते कळतं आणि घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. मेंदूला न विचारता हे चालतं. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की सेरोटोनिनला तिथं दोन वेगळ्या जागा आहेत, एक स्नायूवर आणि एक चेतातंतूंवर. चेतातंतूंवरच्या जागेला आज ५-एचटी३ म्हणतात. केमोथेरपीची काही औषधं घेतल्यावर आतड्यातून सेरोटोनिन भसाभस सुटतं, ते याच रिसेप्टरला लागतं आणि माणूस ओकतो. डॉक्टर उलटीवर ऑनडान्सेट्रॉन देतात ते हाच रिसेप्टर बंद करायला. त्यानं काहींना बद्धकोष्ठ होतं. उलट जुन्या बद्धकोष्ठावरचं प्रुकॅलोप्राइड ५-एचटी४ हा दुसरा रिसेप्टर चालू करतं. एकच पदार्थ, पण आनंदाचा यात कुठंच पत्ता नाही.

आणखी एक बघा. कार्सिनॉइड नावाच्या गाठी कधीकधी रक्तात सेरोटोनिनचा पूर आणतात. मेसेज खरा असता तर हे रुग्ण जगातले सगळ्यात सुखी लोक ठरले असते. प्रत्यक्षात त्यांना जुलाब होतात आणि चेहरा लालबुंद होतो.

या गाठींसाठी २४ तासांच्या लघवीची तपासणी करतात आणि तिच्याआधी केळी, अननस, अक्रोड खाऊ नका असं बजावतात. कारण केळ्यात सेरोटोनिन खरोखरच असतं, ते शरीरात मोडतं आणि त्याचा उरलेला भाग लघवीत उतरून रिपोर्ट चुकवतो. म्हणजे केळ्यातल्या सेरोटोनिनचा शेवट कुठं होतो, हे लॅबवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. मेंदूत ते पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा आहे, आणि सीमाप्रश्न तापला की कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवतात तसं सेरोटोनिन तिथं अडवलं जातं. ट्रिप्टोफॅन हे त्याचं कच्चं द्रव्य पलीकडे जातं, पण त्याच दारातून प्रथिनांतली इतर अमिनो आम्लंही घुसत असतात. त्यामुळे दही जास्त खाल्लं म्हणून मेंदूत सेरोटोनिन वाढेल असा सरळ हिशेब नाही. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो. दही खावं, उन्हाळ्यात ताक तर प्यावंच, पण चवीसाठी आणि पोटासाठी.

‘पोट साफ ठेवा’ याबद्दल थोडं सबुरीनं. पोट आणि मन यांचं नातं आहेच. व्हेगस नावाच्या चेतातंतूतले बहुतेक धागे पोटाची खबर वर मेंदूकडे नेतात. ज्यांचं आतडं कायम चिडलेलं असतं, त्यांच्यात चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं. म्हणून एरंडेल घेऊन नैराश्य बरं होतं असं नव्हे. इथं आपल्याकडचे मामा-काका लगेच उडी मारतात.

खरा धोका शेवटच्या वाक्यात आहे. नैराश्य म्हणजे फक्त सेरोटोनिनची कमतरता, हे समीकरण आता डॉक्टरही तसं मांडत नाहीत. पण नैराश्यावरच्या गोळ्यांचा उपयोग होतो तो रुग्णांवर तपासून पाहिलेला आहे, त्या समीकरणावर तो अवलंबून नाही. सुरुवातीला मळमळतं, जुलाब होतात. कारण हेच की गोळी आतड्यातल्या सेरोटोनिनलाही हात लावते. बहुतेकांचं हे काही दिवसांत ओसरतं. नेमक्या त्याच दिवसांत हा मेसेज हाती पडला तर ‘बघ, गोळीनंच पोट बिघडवलं’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि गोळी सुटते. महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थपणा, झोप उडणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात आणि आजारही उलटू शकतो. थांबवायचीच असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून, डोस हळूहळू कमी करत. बेळगावात दाखवत असाल तर तिथं, धारवाडच्या डिमान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कागद असतील तर तिथं. जायला जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.