धामण गाईचं दूध पीत नाही
‘धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, शेपटीत विष असतं, दिसली की मारा’ हा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. सापाला दूध ओढता येईल असे ओठ-गालच नसतात. अन् मागे वळलेले दात सडात रुतले तर गाय उभी राहील का? धामण बिनविषारी, गोठ्यात येते ती कुटारातल्या उंदरांमागे. मोठे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, फणा नाही. ओळख पटत नसेल तर लांब राहा, वनविभागाला १९२६ वर कळवा.

दूध घटलं असेल तर दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) तपासा: पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा, गुठळ्या दिसल्या की पशुवैद्यकाला बोलवा.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.