स्पेनला लोकशाही फ्रँकोने दिली नाही

'आधी कणखर हुकूमशहा हवा, लोकशाही मागाहून आपोआप येते. स्पेन बघा. फ्रँकोने देश घडवला, त्याने नेमलेल्या राजाने लोकशाही बहाल केली, रक्ताचा थेंबही सांडला नाही.' असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

फ्रँकोने तयारी करून ठेवली होती म्हणे. मरणाआधी जेमतेम दोन महिने, 27 सप्टेंबर 1975 ला, त्याच्या राजवटीने पाच जणांना गोळ्या घालून देहदंड दिला. राजा म्हणतात त्या हुआन कार्लोसला 1969 मध्ये वारस नेमलं, तेही हीच राजवट पुढे चालावी म्हणून.

राजाने बहाल केली? गादीवर आल्यावर त्याने फ्रँकोचाच पंतप्रधान, आरियास नाव्हारो, कायम ठेवला. देशभर संप पेटले तेव्हा कुठे जुलै 1976 मध्ये पंतप्रधानपदी आदोल्फो स्वारेझची नेमणूक झाली. ती राजाने केली, हे श्रेय त्याचंच. पण खरी कसोटी पुढे होती. स्वारेझ स्वतः फ्रँकोच्या पक्षयंत्रणेत वाढलेला, विरोधकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. संसदेत सगळे फ्रँकोचे लोक, आणि त्यांच्याकडूनच त्यांची संसद मोडीत काढणारा कायदा मंजूर करून घ्यायचा होता! आराखडा संसदेचे अध्यक्ष फर्नांदेझ-मिरांदा यांचा, सभासदांना वळवण्याची खटपट स्वारेझची. 18 नोव्हेंबरला 425 विरुद्ध 59 मतांनी तो संमत झाला.

मग कम्युनिस्टांचा प्रश्न. त्यांना वगळून निवडणूक घेतली असती तर ती नाटक ठरली असती. स्वारेझने त्यांचा नेता सान्तियागो कारिल्यो याची गुपचूप भेट घेतली आणि 9 एप्रिल 1977 ला, ईस्टरच्या सुट्टीत, पक्षावरची बंदी उठवली. सैन्यात संताप उसळला, नौदलमंत्र्याने राजीनामा दिला. कारिल्योनेही राजेशाही आणि तिचा झेंडा मान्य केला, आणि हा घास त्याच्या कार्यकर्त्यांना गिळणं सोपं नव्हतं. जूनमध्ये 1936 नंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली.

रक्ताचा थेंब? मार्च 1976 मध्ये व्हितोरियात पोलिसांच्या गोळीबारात पाच कामगार गेले. जानेवारी 1977 मध्ये माद्रिदच्या आतोचा रस्त्यावर कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या कचेरीत उजव्या अतिरेक्यांनी पाच जणांना ठार मारलं. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली, पण कोणी हात उचलला नाही. बंदी उठवायचं धाडस स्वारेझला झालं त्यात कम्युनिस्टांच्या या शिस्तीचाही वाटा आहे.

राहिली 23 फेब्रुवारी 1981 ची, लष्करी बंडाची रात्र. निमलष्करी पोलीस दलातला अधिकारी तेहेरो याच्या माणसांनी संसदेत गोळ्या झाडल्या, सभासद बाकांखाली लपले. राजीनामा दिलेला स्वारेझ जागचा हलला नाही, कारिल्योही नाही, आणि म्हातारे जनरल गुतिएरेझ मेयादो बंदूकधाऱ्यांना जाऊन भिडले. बंड मोडण्यात राजाच्या भाषणाचा वाटा मोठाच होता. पण त्या भाषणात त्याने दाखला दिला तो लोकांनी सार्वमताने मंजूर केलेल्या राज्यघटनेचा, फ्रँकोचा नाही.